गुपिताची मुदत

जोडीदाराच्या वाढदिवशी त्याला किंवा तिला काही कळू न देता बाहेर जेवायला नेण्याचा जो बेत हल्ली घरोघरी शिजतो, आणि ज्याला मराठीतही आता ‘सरप्राइज’ असेच म्हणतात, त्याचा नीतिविचार करायचा तर गुप्तता आणि वंचना या दोन गोष्टी आधी वेगळ्या कराव्या लागतात. ठाऊक असलेली गोष्ट मनात ठेवणे ही गुप्तता, तर समोरच्याच्या मनात खोटी समजूत उभी करणे ही वंचना. हॉटेलात टेबल सांगून ठेवले आहे हे न बोलणे पहिल्यात मोडते. ‘आज ऑफिसात उशीर होईल, तू जेवून घे’ असे फोनवर सांगणे दुसऱ्यात. पतंजलींच्या योगसूत्रांवरील व्यासभाष्य या बाबतीत फार कडक आहे. आपल्याला जे कळले ते दुसऱ्यापर्यंत पोहोचवण्यासाठीच वाणी असते, म्हणून ती फसवी असता कामा नये, आणि शिवाय ती भूतमात्राच्या हिताची असली पाहिजे, असे भाष्यकार सांगतात. या कसोटीला उशिराचा तो फोन उतरत नाही, मग केकवर मेणबत्त्या कितीही लावलेल्या असोत.

महाभारत थोडी सवलत देते. आदिपर्वातील ययातीच्या आख्यानात पाच प्रसंगींचे असत्य दोषास्पद नसते असे एक वचन आहे, आणि त्या पाचांत ‘नर्म’ म्हणजे थट्टाविनोद येतो. गुपचूप बेत आखणाऱ्याला हा आधार सोयीचा वाटेल. पण हे वचन कोण, कोणाला आणि कशासाठी ऐकवते हे पाहिले की उत्साह ओसरतो. देवयानीच्या नकळत जडायच्या संबंधाचे समर्थन म्हणून शर्मिष्ठा ते ययातीला ऐकवते. प्रजा राजाचे पाहून वागते, तेव्हा राजाने खोटे बोलू नये, अशी हरकत घेऊनही ययाती अखेर तिचे ऐकतो. वि. स. खांडेकरांच्या कादंबरीमुळे ही तिघे मराठी वाचकाच्या ओळखीची आहेत. मूळ कथेत मात्र हे गुपित फुटते ते मुलांमुळे: तुमचे वडील कोण, असे देवयानीने विचारताच शर्मिष्ठेची लहान मुले ययातीकडे बोट दाखवतात. नवऱ्याने बायकोपासून लपवलेली गोष्ट आणि ‘विनोदातले खोटे चालते’ ही सबब, असा सगळा ऐवज एकाच आख्यानात सापडावा, हे व्यासांचे मार्मिकपण म्हणायचे.

वाढदिवसाचे गुपित त्या गुपिताहून वेगळे ठरते ते मुदतीमुळे. ते अमुक तारखेला, अमुक वाजता संपणार हे आधीच ठरलेले असते, आणि ज्याने ते राखले तोच ते उघडणार असतो. जे गुपित दुसऱ्याला शोधून काढावे लागते, त्याला ही सवलत लागू नाही.

लहान घरांत ही मुदत पाळणे किती अवघड जाते हे उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर या पट्ट्यात नीट दिसते. कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांची जी वस्ती झाली, तिला ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी उल्हासनगर हे नाव दिले. त्या बराकींच्या सामाईक छपराखाली कोणतीही गोष्ट कोणापासून लपणे शक्य नव्हते. आजच्या बदलापुरातील वन बीएचकेतही फार निराळी स्थिती नाही. सासूबाईंना सांगावेच लागते, नाहीतर त्या संध्याकाळचा कुकर लावून मोकळ्या होतात. मग सहा वर्षांच्या मुलाला स्वयंपाकघराच्या दारामागे नेऊन ‘आईला सांगायचं नाही हं’ असे बजावले जाते. हे मूल या कटातील सर्वांत नाजूक भिडू होय. गप्प राहायला सांगितले तर ते गंमत म्हणून गप्प राहील, पण आईने विचारल्यावर काय खोटे बोलायचे हे पढवून ठेवले तर त्याच्या हाती एक वेगळेच साधन पडते, आणि ते वाढदिवसापुरते उरत नाही.

याहून मोठा प्रश्न वेळेचा आहे. बदलापूर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ६८ किलोमीटरवर आहे. लोकलने एका बाजूचा प्रवास सुमारे दीड तासाचा, आणि बसायला जागा मिळावी म्हणून अंबरनाथची माणसे आधी उलट्या दिशेने बदलापूरला येतात, ज्याला ‘रिटर्न’ करणे म्हणतात. नोकरी करणाऱ्या बाईची या वेळापत्रकातून उरलेली संध्याकाळ ही तिच्या हातची जवळजवळ एकमेव शिल्लक असते, आणि ती तिला न विचारता खर्च करणे, भले तिच्याच नावाने असो, ही गंभीर गोष्ट आहे. घामेजलेल्या कपड्यांत स्टेशनवरूनच काटई रस्त्यावरच्या एखाद्या हॉटेलात नेले, तर तिथे जमलेल्या वीस जणांसमोर तिला आनंद दाखवावा लागतो. आणि दाखवावा लागणारा आनंद हे आणखी एक कामच असते.

लेडीज डब्यातील मैत्रिणीही वाढदिवस साजरे करतात, केकही आणतात, पण कोणाची कोणती गाडी, कोण कोणत्या दाराशी उभी राहते, कोणाला आज डोके दुखते आहे, हे त्यांना ठाऊक असते. म्हणूनच घाटकोपर आणि ठाणे यांच्यामध्ये कापला जाणारा तो केक कोणाच्या अंगावर येत नाही. नवऱ्याला बायकोची गाडी नेमकी कोणती हे माहीत नसेल, तर त्याने हॉटेलआधी तेवढे विचारून घ्यावे. जुन्या औक्षणात, म्हणजे पाटावर बसवून, कपाळी कुंकू लावून निरांजनाने ओवाळण्याच्या रीतीत, लपवाछपवी मुळीच नव्हती. ओवाळले जाणारे माणूस अंघोळ करून, नवे कपडे घालून, तयार होऊन पाटावर बसत असे.

याचा अर्थ बेत करूच नये असा नाही. जागा, पदार्थ, येणारी माणसे ही गुपिते खुशाल राखावीत. संध्याकाळ मोकळी ठेव आणि साडी हाताशी असू दे, एवढे मात्र आधी सांगून टाकावे, म्हणजे खोट्या फोनची गरजच पडत नाही. आणि पंचांग पाहावे. वाढदिवस तारखेने येतो, उपवास तिथीने. दोघांची गाठ कधी पडेल हे कॅलेंडरवर वर्षभर आधी छापलेले असते. त्या दिवशी संकष्टी असेल तर चंद्रोदय रात्री नऊच्या मागेपुढे होतो, तेव्हा आठचे टेबल सांगू नये.