मनगटावरचा साक्षीदार

माझा भाचा पुण्याला नोकरीस आहे. मी रोज पहाटे पळतो याचे त्याला कौतुक आहे. पण कसलीही नोंद न ठेवता पळतो याची त्याला खंतही वाटत असावी. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस त्याने एक घड्याळ पाठवले आणि सोबत फोनवरून बजावले, "मामा, पळताच आहात, तर निदान मोजून पळा." ज्याला जीपीएसचे घड्याळ म्हणतात ते हे. वेळ दाखवण्याचे काम ते फावल्या वेळात करते. त्याचा मुख्य धंदा म्हणजे आपण कुठे होतो, किती पळालो, किती वेगाने पळालो आणि त्या वेळी आपले काळीज मिनिटाला किती वेळा उडत होते, हे टिपून ठेवणे.

नव्या वस्तूकडे नाक मुरडून पाहणाऱ्यांपैकी मी नाही. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या माझ्यासारख्याला या यंत्राचे मर्म समजून घ्यायला चार रात्री लागल्या, पण त्या चार रात्री मोठ्या आनंदात गेल्या. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर अमेरिकेचे तीसेक उपग्रह फिरत असतात. प्रत्येकाच्या पोटात अणुघड्याळ आहे. रात्रीच्या गस्तवाल्याने आरोळी द्यावी तसा प्रत्येक उपग्रह सारखा सांगत असतो की, मी अमुक जागी आहे आणि आता अमुक वाजले आहेत. ती आरोळी पोहोचायला किती वेळ लागला यावरून मनगटावरचे यंत्र त्या उपग्रहाचे अंतर काढते. तिघांचे ऐकले की जागा ठरते. पण मनगटावरचे घड्याळ अणुघड्याळाइतके काटेकोर नसते, म्हणून त्याची चूक पकडायला चौथा लागतो. आणखी मौज अशी की वरची घड्याळे खालच्यांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात. आइन्स्टाइनचे गणित तसे सांगते आणि ते हिशेबात धरूनच ती लावलेली असतात. एवढ्याशा अवधीत प्रकाश अकरा किलोमीटरांहून अधिक जातो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या काटेकोरपणाचे मोल कळते. ही सारी व्यवस्था मुळात अमेरिकेच्या लष्करासाठी झाली. सामान्यांच्या वाट्याला येणाऱ्या संकेतात मुद्दाम चूक मिसळलेली असे. ती २००० सालच्या मे महिन्यात काढून टाकण्यात आली. आपल्या देशाने स्वतःच्या अशा व्यवस्थेचा पहिला उपग्रह २०१३ च्या १ जुलैला सोडला. आमचा नंदुरबार जिल्हा १९९८ साली जन्मला तोही १ जुलैलाच. या योगायोगाला काही अर्थ नाही, पण मास्तरांना सनावळ्या जुळवायची खोड असते.

असो. घड्याळ बांधून मी पळू लागलो. आमच्या गावाबाहेर या दिवसांत मिरचीच्या पथाऱ्या पडू लागतात. मैलभर लांबून पाहावे तर जमिनीवर लाल पासोडी अंथरल्यासारखे दिसते आणि जवळ जावे तर नाकाडोळ्यांना धारा लागतात. त्या बाजूने गेलो त्या सकाळी मला जो ठसका लागला तो पुढच्या नाल्यापर्यंत सुटला नाही. घरी येऊन पाहतो तो घड्याळाने त्या जागी हृदयाच्या ठोक्यांचा एक उंच डोंगर काढून ठेवलेला आणि वर शिफारस केलेली की, आजचा व्यायाम फार कष्टाचा झाला, दोन दिवस विश्रांती घ्यावी. आकडा खोटा नव्हता. काळीज खरोखरच धडधडत होते. पण मिरची त्या आकड्यात कुठेच नव्हती. जो म्हातारा रोज बांधावर उभा राहून मला विचारतो, "गुरुजी, कथा पयी ऱ्हायनात?" तोही नव्हता. त्याच्या प्रश्नाला, म्हणजे मी पळत कुठे चाललो आहे या प्रश्नाला, मला आजवर धड उत्तर देता आलेले नाही. घड्याळ मात्र ते अक्षांश-रेखांशांसह देते.

एका सकाळी सहावा किलोमीटर ओलांडल्यावर घड्याळातील विजेचा साठा संपला आणि तबकडी काळी झाली. अजून चार किलोमीटर राहिले होते. माझे पाय क्षणभर घुटमळले. आता पळून काय उपयोग, असा विचार मनात येऊन गेला, आणि त्या विचाराचेच मला आश्चर्य वाटले. सात वर्षे मी कुणालाही न सांगता पळत होतो. आकाशात कुणी आपली दखल घेत आहे की नाही, याची पर्वा केली नव्हती. मग जे चार किलोमीटर कुठेच लिहिले जाणार नव्हते, ते न पळाल्यासारखेच होणार होते काय? मी ते पळालो. पण पळताना हा प्रश्न माझ्याबरोबर पळत होता आणि तो अजून दमलेला नाही.

माझे एक स्नेही आहेत. घड्याळावर ९,७०० पावले झाली की ते जेवणानंतर अंगणात गोल फेऱ्या मारू लागतात, आणि दहा हजार भरल्यावाचून निजत नाहीत. त्यांच्या सौभाग्यवती म्हणतात, पूर्वी एवढ्या निष्ठेने हे फक्त पिंपळाला प्रदक्षिणा घालत. मी त्यांना या दहा हजारांचा इतिहास सांगितला. १९६५ साली जपानमध्ये पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीस आले. त्याच्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावले मोजणारे' असा होता. आकडा गोल होता, कानाला गोड लागत होता, आणि तो जगभर चालू लागला. म्हणजे वैद्यकाने शोध लावला आणि मग यंत्र झाले असे नव्हे. आधी नाव झाले. माझ्या स्नेह्यांनी हे शांतपणे ऐकून घेतले आणि उरलेली पावले पूर्ण केली.

आमच्या पूर्वजांनी चित्रगुप्त कल्पिला तो मला या बाबतीत शहाणपणाचा वाटतो. तो सगळे लिहितो, पण वही दाखवतो ती अखेरीस. माणसाने जगताना वहीकडे पाहू नये एवढी सोय त्यात आहे. माझ्या मनगटावरचा चित्रगुप्त दर किलोमीटरला हात हलवून वही उघडतो आणि कालच्यापेक्षा आज तू सात सेकंद मागे आहेस असे सुनावतो. मग पहाट कशी आहे, तापीकडून वारा येतो आहे का, हे पाहणे राहून जाते. ज्या कामाचे फळ कामातच होते त्याचे फळ मग वहीत जाऊन बसते.

होळीच्या वेळी अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी या गावी जाण्याचा योग मला दोनदा आला. तिथली राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. सातपुड्याच्या पाड्यापाड्यांतून माणसे चालत येतात. कमरेला घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचे टोप, अंगावर राखेची नक्षी, आणि ढोलाच्या तालावर सारी रात्र नाच. होळी पेटते ती पहाटे. त्या रात्रीत एकेकाची पावले किती होत असतील? मोजणारा तिथे कुणी असता तर मला वाटते तो वेडगळ दिसला असता.

इथवर वाचून वाचक म्हणतील की गुरुजींनी घड्याळ भाच्याला परत पाठवलेले दिसते. तसे नाही. मोजण्याची दुसरी बाजू मला रोज शाळेत दिसते, आणि ती दिसत असताना मोजमापाला नावे ठेवण्याचे धैर्य मला होत नाही.

हजेरीपट हे आम्हा शिक्षकांचे सर्वांत जुने मापनयंत्र. दिवाळी सरली की आमच्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. पटावर मुलाचे नाव असते आणि मूल फडावर पाचट गोळा करीत असते. उलट धाकट्या भावंडाला सांभाळणारी एखादी पोर त्याला कडेवर घेऊन वर्गाच्या दाराशी बसते. तिचे नाव कुठल्याच पटावर नसते, आणि पाढे तिलाच आधी पाठ होतात. पट खोटा आहे असे म्हणून मी तो फाडून टाकावा काय? तो असतो म्हणून तर फडावर गेलेल्या पोराची आठवण राहते. दाराशी बसणाऱ्या पोरीचे नाव त्यात चढवावे, म्हणजे तिला पुस्तक मिळेल, जेवण मिळेल. ज्याच्यामागे बोलणारे कुणी नाही त्याला नोंद हाच आवाज असतो.

शहादा तालुक्यातल्या टेंभली या लहानशा गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग आले आणि देशातले पहिले आधार क्रमांक तिथल्या लोकांना देण्यात आले. बारा आकड्यांनी माणूस ओळखता यावा, मधल्या कुणाच्या मेहरबानीवर त्याचे धान्य-पैसा अवलंबून राहू नये, हा त्यामागचा विचार. पुढे असेही झाले की ज्यांचे हात आयुष्यभर कुदळ-विळ्याने झिजले त्यांचे अंगठे यंत्राला उमटेनात. ज्याने सर्वांत जास्त काम केले त्याच्याच बोटांच्या रेषा पुसल्या गेल्या आणि यंत्र त्याला ओळखेना. या एका गोष्टीत मोजमापाची पुण्याई आणि तिचे पाप दोन्ही आहे. मला त्यांतले एक निवडता येत नाही.

धावण्याचेही तसेच आहे. शिवनाथ सिंग अनवाणी धावत आणि १९७८ साली जालंधरला त्यांनी मॅरेथॉन दोन तास बारा मिनिटांत पुरी केली. तो राष्ट्रीय विक्रम चाळीस वर्षांहून अधिक टिकला. पाय उघडे होते. पण वेळ कुणीतरी नीट लावली म्हणून त्यांचे नाव उरले. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये तिसरी आली तेव्हा आमच्या डोंगरातल्या पोरींना प्रथम कळले की आपण पाण्यासाठी, शाळेसाठी जे पळतो त्याला बाहेर किंमत आहे.

अशीच एक मुलगी आमच्याकडे आहे. धडगावकडची, वसतिगृहात राहणारी, दहावीतली. तिचा पाड्यावरचा रस्ता असा होता की तिला सपाटीवर पळणे म्हणजे बसल्यासारखे वाटते. एका क्रीडा प्रशिक्षणाच्या निवडीसाठी तिचा अर्ज भरायचा होता आणि त्यात 'सर्वोत्तम वेळ, ३,००० मीटर' असा रकाना होता. आमच्या मैदानावर मी आणि मुलांनी टेप धरून, फक्की टाकून दोनशे मीटरची फेरी आखली आहे. तिच्या हातावर मी माझे घड्याळ बांधले. माझ्या हातात शाळेचे जुने थांबघड्याळ होते.

पंधरावी फेरी पुरी करून ती रेषेवर आली तेव्हा माझ्या हाती ११ मिनिटे ३० सेकंद होते. तिच्या मनगटावर तीन किलोमीटर पुरे झाले होते ते ११ मिनिटे १६ सेकंदांनी, रेषेच्या साठेक मीटर अलीकडे. याचे कारण अवघड नाही. उपग्रहावरून काढलेली जागा दर वेळी दोन-चार मीटर इकडेतिकडे होते. असे ठिपके जोडत गेले की रेघ नागमोडी होते, आणि नागमोडी रेघ सरळ रेघेपेक्षा लांब भरते. पण कारण समजले म्हणून प्रश्न सुटत नाही. चौदा सेकंदांत निवड होऊ शकते आणि हुकूही शकते. आजच्या दिवसात मोठ्या शहरांतली मुले कुठला आकडा लिहीत असतील? आकाशातल्या तीस उपग्रहांचे आणि अणुघड्याळांचे प्रमाणपत्र हाती असताना आमच्या फक्कीच्या रेषेला कोण विचारतो? खोटे लिहिण्याचा प्रश्नच नव्हता. यंत्र स्वतःच ते सांगत होते. आणि ज्या पोरीला आयुष्यात कुणी एक सेकंद फुकट दिला नाही, तिला हे चौदा मिळाले तर बिघडले कुठे?

मी दोन्ही आकडे फळ्यावर लिहिले आणि तिलाच विचारले. ती थोडा वेळ बघत राहिली.

"सर, ती रेषा आपण टेपनं मोजली ना?"

"मोजली."

"दोनदा?"

"दोनदा."

"मग साडेअकरा लिहा. तिथं गेल्यावर ते रेषेवरच पळवतील."

मी साडेअकरा लिहिले. घड्याळ हातावरून सोडताना तिने ते उलटसुलट करून पाहिले आणि मला विचारले, "मागून कोण येतंय, ते हे सांगतं का?"

मी म्हणालो, "नाही."

"ते मला ऐकू येतं," ती म्हणाली.

अर्ज गेल्या सोमवारी टपालात पडला. उत्तर दिवाळीनंतर यायचे आहे. तोवर ती रोज पहाटे मैदानावर असते, आणि माझे घड्याळ हातावर असले तरी तिच्या फेऱ्या मी तोंडानेच मोजतो.