पंगतीचा प्रश्न

येशूवर त्याच्या काळच्या धर्ममार्तंडांनी ठेवलेला एक आरोप थेट आपल्या गावातला वाटावा: हा कोणाच्याही पंगतीला बसतो. जकातदार, बदनाम बायका, गावाने ओवाळून टाकलेली माणसं, त्याला कोणीच वर्ज्य नव्हतं. शोमरोनातल्या विहिरीवर तर, यहुदी ज्यांच्या भांड्याला भांडं लावत नसत अशा जमातीतल्या बाईकडे त्याने आपणहून पाणी मागितलं. पाण्यावरून काय काय घडतं, हे महाडनंतर मराठी वाचकाला समजावून सांगायला नको.

म्हणूनच ‘देवाला सगळे सारखे’ एवढ्यावर माझं समाधान होत नाही. तसं म्हणायला पैसे पडत नाहीत. पहिल्या शतकातली ख्रिस्ती मंडळीही अडखळली ती जेवणावरूनच. अंत्युखिया शहरात पेत्र, म्हणजे येशूचा पट्टशिष्य, यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर खुशाल जेवत होता. यरुशलेमहून कर्मठ पाहुणे आले आणि हा हळूच बाजूला झाला. त्याचं पाहून बाकीचे यहुदी उठले, प्रेषित पौलाचा सोबती बर्णबासुद्धा उठला. पौलाने मग सर्वांदेखत त्याची कानउघाडणी केली आणि गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात ती नोंदवूनही ठेवली. पेत्राच्या मनात कोणाबद्दल द्वेष नव्हता. पाहुणे काय म्हणतील, एवढीच धास्ती होती. भेदभाव द्वेष्ट्यांपेक्षा असल्या भिडस्तांच्या जिवावरच जास्त टिकतो. त्याच पत्रातलं, यहुदी-हेल्लेणी (ग्रीक), दास-स्वतंत्र, स्त्री-पुरुष हे भेद पुसणारं वचन भाषणांतून वापरून गुळगुळीत झालं आहे. त्याच्या आधीचं हे भांडण मात्र फारसं कोणी काढत नाही. (पौलानेही पुढे दासांना धन्याचं ऐकायला सांगितलं, हेही लपवू नये.)

भारतात पेत्राचीच गोष्ट शेकडो वर्षं चालली. तमिळनाडूतल्या वडक्कनकुळम गावात कॅथलिकांनी असं देऊळ बांधलं की वेल्लाळ आणि नाडार या जातींचे भाग वेगळे, मध्ये भिंत, आणि दोन्ही भाग पुढे एकाच वेदीपाशी मिळतात. विजारीच्या दोन पायांसारखे. देव एक, मिस्सा एक, फक्त शेजार नको! 1910 मध्ये भिंत पाडली, तर वेल्लाळ ख्रिस्ती कोर्टात गेले आणि मद्रास हायकोर्टात हरले. त्याआधी 1833 मध्येच कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप डॅनियल विल्सन यांनी दक्षिणेतल्या मंडळ्यांना जातिभेद सोडण्याचा हुकूम काढला होता. हुकमाने जात गेली नाही; वरच्या जातींचे पुष्कळ ख्रिस्ती मात्र चर्चवर रुसले.

आपल्याकडे नगर भागात अमेरिकन मिशनचे बहुतेक ख्रिस्ती महार-मांग समाजांतून आले. त्यांच्यात जाऊन मिसळताना ब्राह्मण घरातल्या लक्ष्मीबाई टिळकांचं सोवळं कसं पायरीपायरीने सुटलं, ते त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये स्वतःचीच थट्टा करत सांगितलं आहे. मला ते पुष्कळ प्रवचनांहून खरं वाटतं, कारण तिथे समता स्वयंपाकघरात शिरते.

सरकारचा हिशेब निराळा. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये सगळे शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेरच आहेत. 2022 मध्ये हा प्रश्न तपासायला माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. तुमच्या धर्मात जात नाही, मग सवलत कशाला, हा युक्तिवाद मला लबाडीचा वाटतो. बाप्तिस्म्याने गावकऱ्यांची नजर बदलत नाही. सोसणाऱ्याचा धर्म विचारून अन्याय होत नसतो.

पण चर्चनेही दोन तोंडांनी बोलू नये. दिल्लीत जातीचे चटके सांगायचे आणि रविवारी वेदीवरून ‘आमच्यात जात नाही’ म्हणायचं, हे किती दिवस चालणार? हैदराबादचे अँथनी पूला 2022 मध्ये कार्डिनल झाले, ते पहिले दलित कार्डिनल. इतक्या उशिराचं भूषण काय मिरवायचं?

ख्रिस्ती वाचकांना माझी विनंती एवढीच: मंडळीच्या पुढच्या बैठकीत विचारा, आपल्या दफनभूमीत कोणाला कुठे जागा मिळते, कमिटीवर कोणती आडनावं आहेत, आणि मुलामुलींची लग्नं आपण कोणाच्या घरी ठरवतो. पाहुणे बसलेले असतानाच विचारा.