रुईवरची अळी आणि सरूपता

सलोकता, समीपता, सरूपता, सायुज्यता: या चार मुक्ती. यातल्या शेवटच्या दोहोंत, म्हणजे देवाचं रूप येणं आणि देवच होऊन जाणं यांत, अंतर किती, हा प्रश्न मला पोथीपेक्षा बेलवाडीच्या बांधावर जास्त छळतो.

एकनाथ महाराजांचं भागवत 1573 साली काशीत पुरं झालं. त्यात अवधूताच्या 24 गुरूंमधली शेवटची कुंभारीण माशी. तिनं घरट्यात कोंडलेली अळी भीतीपोटी तिचाच ध्यास घेते आणि तीच होऊन जाते, असा दृष्टान्त. प्रत्यक्षात माशी अळीला नांगी मारून लुळी करते, घरट्यात अंडं घालते आणि तिचं पिल्लू ती अळी खाऊन वाढतं. दृष्टान्त मोडला म्हणून सिद्धान्त मोडत नाही, असं आमच्या वारकरी मंडळींतले जाणते म्हणतात. मलाही पटतं. पण मग दुसरा दृष्टान्त खरा हवा.

मारुतीच्या माळेसाठी रुई तोडताना पानं उलटून बघा. अंगावर पांढरे-काळे पट्टे, मधे पिवळे ठिपके, पाठीवर मऊ काळ्या शिंगांच्या तीन जोड्या: ही बिबळ्या कडव्याची अळी. रुईच्या चिकातलं विष थोडंफार तिच्यात मुरतं आणि कोषातून फुलपाखरापर्यंत पोचतं. एकदा तोंड पोळलेला पक्षी त्या नारिंगी पंखांच्या वाटेला जात नाही.

छोटा चांदवा या दुसऱ्याच फुलपाखराची मादी हुबेहूब कडव्यासारखी दिसते. तिचा नर मात्र काळा, पांढऱ्या टिकल्यांचा. मागच्या पंखावर तीन-चार काळे ठिपके असले तर कडवा, एकच असला तर ही. अळ्यांमध्ये मात्र घोटाळा होत नाही. हिची अळी काळपट, अंगभर फाटे फुटलेले काटे, आणि खाते घोळ. डाळ घालून आपण भाजी करतो तीच घोळ. रुईचं विष तिच्यात येणार कुठून?

रूप सगळं आलं, कडूपणा थेंबभर नाही. तरी ही सरूपता मला खोटी वाटत नाही, कारण तिनं जीव वाचतो. पण पक्षी तिला सोडतात ते आधी कुण्या कडव्यानं चोच सोसली म्हणून. बांधावरची रुई संपली, कडवे संपले, तर हे रूप तिला किती दिवस तारील?

आषाढात तुकोबांची पालखी बेलवाडीला येते. गोल रिंगणाच्या कडेला मी माळ घालून, बुक्का लावून उभी असते. परकी माणसं वाकून पाया पडतात. तो नमस्कार माझ्या भक्तीला नसतो. ज्यांनी विठ्ठलापायी घरदार, अपमान, उपास सगळं अंगावर घेतलं, त्यांच्या पुण्याईवर तो मला मिळतो, आणि मी तो घेते.