खरा आंकडा

परदेशीं जाऊन राहावयास पैसा किती लागतो, हा प्रश्न वरवर वाण्याच्या वहींतला दिसतो. नीतिशास्त्राच्या वर्गांत तो कोणी विचारीत नाहीं. आम्हीही पंचवीस वर्षें शिकवितांना विचारला नाहीं. शिफारसपत्रें मात्र शेंकड्यांनीं लिहिलीं.

कॅनडाचें उदाहरण घ्यावें. क्वेबेक प्रांत वगळतां, तेथें शिकावयास जाणाऱ्या एकट्या विद्यार्थ्यानें शिक्षणशुल्क व प्रवासखर्च यांखेरीज वर्षाच्या निर्वाहापुरते १०,००० डॉलर आपणापाशीं असल्याचें दाखवावें, असा नियम या शतकाच्या आरंभापासून होता. मध्यंतरीं भाडीं चढलीं, धान्य चढलें. आंकडा जागचा हलला नाहीं. १ जानेवारी २०२४ पासून तो एकदम २०,६३५ झाला. आमच्या ओळखीच्या घरांतून तेव्हां एकच सूर निघाला, कीं हा निव्वळ निर्दयपणा होय. आम्हांसही प्रथम तसेंच वाटलें.

विचारांतीं मत पालटलें. निर्दय होता तो जुना आंकडा. दहा हजारांत वर्ष निघत नाहीं हें टोरोंटोंतल्या कोणाही घरमालकास ठाऊक होतें. ठाऊक नव्हतें तें येथल्या बापास. त्यानें सरकारी आंकडा प्रमाण मानून कर्ज काढलें. उरलेली किंमत मुलानें भरली, तळघरांतल्या एका खोलींत चौघांनीं निजून, एक वेळ जेवून, आणि घरीं ‘सर्व ठीक आहे’ असें कळवून. अंथरूण पाहून पाय पसरावे हें खरें. परंतु अंथरूण केवढें हें जो सांगतो, त्यानें तरी खोटें माप देऊं नये.

नवा आंकडाही उदार होता असें नव्हे. अन्न, वस्त्र व निवारा यांवर ज्या कुटुंबाच्या मिळकतीचा वाजवीहून फार मोठा भाग खर्ची पडतो, त्यास तेथें सरकारी गणितानें अल्प उत्पन्नाचें ठरवितात. त्या मर्यादेचा पाऊण हिस्सा म्हणजे हे २०,६३५ डॉलर. घरच्यांस जें तोकडें म्हणावयाचें, त्याच्या पाऊणपट पाहुण्यास पुरे!

खरा आंकडा गरिबाच्या तोंडावर दार लावतो, हा आक्षेप हलका नाहीं. दुप्पट रक्कम ज्याच्या घरीं नाहीं त्याची बुद्धि कमी असते असें थोडेंच आहे? याचें उत्तर आमच्यापाशीं अर्धेंच आहे. दार बंद असणें आणि उघड्या दारामागें विहीर असणें, यांत आम्ही पहिलें पत्करूं. पण पत्करणारे आम्ही, आणि दाराबाहेर उभे राहणारे दुसरे.

हल्लीं शिफारसपत्र मागावयास कोणी आलें कीं आम्ही आधीं खोलीचें भाडें विचारतों. बरेच जण अवघडतात. सरांनीं गुण विचारावे, भाडें कशास, असें त्यांच्या मुद्रेवर दिसतें. गेल्या महिन्यांत एका विद्यार्थिनीनें मात्र वहीच पुढें केली. भाडें, बसचा पास, तांदूळ, थंडीचा कोट, सारें रुपयांत गुणून मांडलेलें. खर्चाची बाजू चोख होती. जमेच्या बाजूस आठवड्याला चाळीस तासांची मजुरी धरली होती. नोव्हेंबर २०२४ पासूनचा नियम असा, कीं सत्र चालू असतां महाविद्यालयाबाहेर आठवड्यास चोवीस तासांहून अधिक काम करतां येत नाहीं. आम्ही तें दाखविलें.

“ठाऊक आहे, सर,” ती म्हणाली, “पण बाबांना दाखवायची वही हीच आहे.”

आम्ही पत्र लिहून दिलें.