प्रदूषणाचा कर्ता

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराविषयीच्या आपल्या लेखनात कमळजादेवीचा भाविक निर्माल्य ‘टाकतो’. गावाचे सांडपाणी मात्र ‘सोडले जाते’. सोडणारा वाक्याबाहेरच राहतो. २०१८ च्या राज्यव्यापी प्लास्टिकबंदीतही अशीच विषमता होती: पिशवी वापरणाऱ्यास पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड, उत्पादनाच्या टप्प्यावरील वेष्टनास सूट. म्हणून व्यक्तीचे उत्तरदायित्व हे केवळ थोतांड ठरत नाही. निर्माल्यानेही पाणी बिघडतेच. परंतु उत्तरदायित्व सामर्थ्याच्या प्रमाणात वाढते असे मानल्यास भाविकाला आज्ञार्थ आणि कारखानदाराला कर्मणी प्रयोग, ही वाटणी समर्थनीय राहत नाही. २०२० मध्ये सूक्ष्मजीवांमुळे सरोवर गुलाबी झाले, तेव्हा त्याच्या संवर्धनाचे प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे होते. तिथे निदान प्रतिवादीचे नाव लिहावे लागते.