वही कोरी का आहे?

बसा सगळे. मोबाईल खिशात ठेवा. मागच्यांनी पुढे या, कारण आज जे बोलायचं आहे ते नीट ऐकू जायला हवं.

ही वही ओळखता? दोन वर्षांपूर्वी ग्रामसभेत हात वर करून तुम्ही भूजल समिती केलीत, त्याच रात्री मी पट्टी घेऊन हिच्यात रकाने आखले. विहीर क्रमांक, खोली, कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर, तारीख, मोजणाऱ्याची सही. एकतीस विहिरी. पहिल्या ऑक्टोबरात एकतीसच्या एकतीस नोंदी आहेत. जानेवारीत बावीस. मार्चात नऊ. मे महिन्यात चार, आणि त्या चारही एकाच शाईने, एकाच हस्ताक्षरात लिहिलेल्या. मी छत्तीस वर्षं पेपर तपासले आहेत. टेपच्या टोकाला नट बांधून विहिरीत सोडला आणि वाचला, तर आकडा तेवीस फूट चार इंच असा येतो. तुमचे चार आकडे आहेत तीस, पस्तीस, चाळीस, पंचेचाळीस. ते पारावर बसून लिहिलेले आहेत. त्यानंतर वही कोरी आहे.

का कोरी आहे? कुणी म्हणालं, वरून माणूस आला नाही. कुणी म्हणालं, निधी आला नाही. शंभर फुटी टेप आणि एक लोखंडी नट, यासाठी कोणता निधी हवा होता? ज्याच्या विहिरीचं पाणी मोजायचं तो रोज सकाळी त्याच विहिरीवर मोटर चालू करायला जातो. पाच मिनिटांचं काम होतं. तुम्ही समितीचा फलक रंगवून घेतलात, त्याच्यापुढे फोटो काढलेत, आणि तिथेच काम संपलं असं धरून चाललात.

मागच्या मंगळवारी रात्री अकरा वाजता ओढ्याकडच्या शिवारात बोअरची गाडी आली. पहाटेपर्यंत कॉम्प्रेसर चालला होता. माझ्या खिडकीपर्यंत आवाज येत होता, तसा तुमच्याही येत होता. ज्याच्या रानात ती गाडी आली तो या समितीचा सभासद आहे आणि आत्ता तो खाली मान घालून बसला आहे. मी नाव घेत नाही. पण तू मला एवढं सांग, रात्री का? उजेडात का नाही बोलावलीस गाडी? जे काम रात्री करावं लागतं ते चुकीचं आहे हे तुला ठाऊक होतं म्हणून. आणि बाकीच्यांनो, तुमच्यातला एकही उठून गेला नाही. कारण उद्या आपल्यालाही घ्यायचा आहे, मग आज दुसऱ्याला कशाला अडवा, असा तुमचा हिशेब.

आता तो हिशेब मी मांडते. आठवीच्या भूगोलात शिकवलं होतं, पण पुन्हा सांगते. आपण दख्खनच्या काळ्या कातळावर राहतो. वर माती, खाली मुरूम, त्याखाली मांजऱ्या, आणि मग घट्ट पाषाण. पाणी राहतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि पाषाणाच्या भेगांत. जमिनीखाली नदी वाहते असं पाणाड्या नारळ हातावर धरून सांगतो, तसं काही नाही. चारशे फुटांवर दीड इंच पाणी लागलं म्हणून तुम्ही पेढे वाटता. ते पाणी त्या भेगेत किती वर्षांपासून साठलेलं होतं हे तुम्ही विचारत नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात तो बोअर फुसफुसायला लागतो आणि त्याच्या आधी शेजारच्याची पन्नास फुटी विहीर आटलेली असते.

१९७२ साली मी सातवीत होते. घरात धान्य नव्हतं, माझी आई खडी फोडायला जात होती, आम्ही सुकडी खाल्ली. पण गावच्या आडाला पाणी होतं. पोहऱ्याने शेंदून प्यायलो. २०१३ च्या दुष्काळात दुकानात धान्य भरलेलं होतं आणि आड कोरडा ठणठणीत. पाऊस दोन्ही वेळा दगा देऊन गेला. मधल्या चाळीस वर्षांत आड कुणी रिकामा केला?

आकडे घ्या. समजा शिवार हजार हेक्टर आणि पाऊस पाचशे मिलिमीटर. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. सगळ्या शिवारावर पडले पाचशे कोटी लिटर. त्यातलं बहुतेक वाहून जातं, मातीत राहतं, वाफ होऊन उडतं. आपल्या कातळात ढोबळमानाने दहावा हिस्सा मुरतो असं धरू. म्हणजे पन्नास कोटी लिटर. पाटाने भिजवलेल्या एका हेक्टर उसाला वर्षाला दोन कोटी लिटरच्या आसपास पाणी लागतं. पंचवीस हेक्टर ऊस लावला की संपलं. अख्ख्या गावाचं वर्षभराचं मुरलेलं पाणी बासष्ट एकरांत. आता दुसरा हिशेब. जलजीवन मिशनने माणशी रोज पंचावन्न लिटर धरले आहेत. दोन हजार माणसांच्या गावाला वर्षाला चार कोटी लिटर. दोन हेक्टर उसाचं पाणी म्हणजे सगळ्या गावाचं पिणं, आंघोळ, धुणं. हे गणित पाचवीतल्या मुलाला येतं. तुम्हालाही येतं, फक्त ते मांडलं की कुणाच्या तरी उसाकडे बोट जातं, म्हणून तुम्ही मांडत नाही.

गेल्या वर्षी ग्रामपंचायतीने तुम्हाला हिवरे बाजारला नेलं. काय पाहून आलात? झाडं, स्वच्छ रस्ते आणि जेवण. मी सांगते तिथे काय पाहायचं होतं. तिथे चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्यापेक्षा कमीच. पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. किती पडला, किती मुरला, प्यायला किती, जनावरांना किती, आणि उरलेल्यात रब्बीला काय पेरायचं. पाऊस कमी तर पीक कमी. ऊस नाही, केळी नाही, शेतीसाठी बोअर नाही. तिथल्या पोपटराव पवारांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा तुम्ही व्हॉट्सॲपवर अभिनंदनाचे संदेश पाठवलेत. त्यांच्या गावाने बंधारे बांधले, हे तुम्हाला दिसलं. त्यांच्या गावाने स्वतःला नकार द्यायची सवय लावून घेतली, हे तुम्ही पाहिलंच नाही. बंधारे आपल्याकडेही आहेत. बंधाऱ्यात मुरलेलं पाणी खालच्या अंगाचा बोअर ओढून घेतो आणि ते शेततळ्यातल्या प्लास्टिकच्या कागदावर जाऊन पडतं. मग बंधारा कुणासाठी बांधला?

त्याच्याही आधी, १९७२ च्या दुष्काळानंतर, पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. इंजिनिअर माणूस, पुण्यातला कारखानदार. त्यांनी नियम केला की पाणी जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांवर वाटायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही हिस्सा. ऊस नाही. आणि खर्चाचा पाचवा भाग आधी सभासदांनी भरायचा. आपल्या समितीत भूमिहीन किती आहेत? मी यादी पाहिली. एकही नाही. बहुतेक ज्यांच्याकडे विहीर आहे तेच समितीत. वस्तीवरच्या ज्या बायका मार्चपासून हंडे घेऊन उभ्या असतात, त्यांच्यातली एक आहे, आणि तिची सही तिचा नवरा करतो. हे मी ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

तुमच्यातले शिकलेले मला म्हणतील, बाई, माझी जमीन, खालचं पाणी माझं. कायद्याने ते बरंचसं तसं चालत आलं, हे खरं. १८८२ चा सुविधाधिकार कायदा इंग्रजांनी केला, त्यात जमीनमालकाला आपल्या जमिनीखालचं पाणी घ्यायचा हक्क दिला. तेव्हा मोट होती. बैल दमले की उपसा थांबत होता. तुमची मोटर दमत नाही. म्हणूनच महाराष्ट्राने २००९ चा भूजल अधिनियम केला, तो २०१४ पासून लागू आहे. पाणलोट क्षेत्राची जलसंपत्ती समिती त्यातच सांगितली आहे. अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी साठ मीटरच्या खाली, म्हणजे दोनशे फुटांच्या खाली, विहीर घ्यायला मनाई आहे. पण कायद्याचा शिपाई रात्री अकराला ओढ्याकाठी उभा राहणार नाही. तिथे शेजारीच उभा राहिला पाहिजे. गावाने स्वतःची समिती करायची ती याचसाठी. भेगेतलं पाणी सातबारा वाचून थांबत नाही. तू तुझ्या गटात उपसलंस की ते शेजारच्या गटातून येतं. एकट्याने वाचवलं तर शेजारी नेतो, म्हणून वाचवायचं असेल तर सगळ्यांनी मिळूनच वाचवावं लागतं.

मला तुमच्यावर राग आहे, कारण तुम्ही मठ्ठ नव्हता. तुमच्यातल्या तिघांनी शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवला होता, डब्याला फनेल लावून. रोज सकाळी साडेआठला वाचत होतात, रविवारीही शाळेत येत होतात. तीन पावसाळ्यांच्या त्या नोंदी अजून माझ्या कपाटात आहेत, एकही दिवस गाळलेला नाही. बारा-तेरा वर्षांची पोरं होतात तेव्हा. आज त्याच तिघांच्या रानात मिळून सात बोअर आहेत आणि वहीत सही एकाचीही नाही.

ऑक्टोबर सुरू आहे, विहिरी भरलेल्या आहेत. रब्बीच्या पेरणीआधी मोजलं नाही तर या वर्षीचं गणित मांडताच येणार नाही, आणि मार्चात टँकरसाठी अर्ज लिहायला पुन्हा माझ्याकडेच याल. या वेळी मी लिहून देणार नाही.

रविवारी सकाळी सात वाजता मारुतीच्या पारापासून सुरुवात करायची. वस्तीवरच्या चार बायकांना मी सांगितलं आहे, त्या येणार आहेत, आणि टेप त्यांच्याच हातात राहील. पहिली विहीर समितीच्या अध्यक्षाची.