पुंगळीतला आरोपी

छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतल्या एका सोसायटीच्या फाटकापाशी शोभेचा पाम होता. यंदा तो पिवळा पडू लागला. अध्यक्ष अण्णांनी जवळ जाऊन पाहिलं, तर काही पाती दुमडून रेशमी धाग्यानं टाचलेली. त्यांनी एक पुंगळी उकलली. आत फिकट हिरवी अळी!

"सापडला चोर," म्हणत अण्णांनी फवारणीवाल्याला फोन लावला.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका खाली आल्या. "अण्णा, ही पाम बॉबची अळी. स्किपर कुळातलं लहानसं तपकिरी फुलपाखरू असतं ते. संथ तरंगत नाही, झपकन उडतं. कोकणात माडावर, भेरली माडावर राहतं. आपल्या शहरात शोभेच्या पामवर भागवतं. ही पुंगळी म्हणजे अळीचं घर. कोषही तिथंच होतो."

"बाई, घर असेल, पण भाड्यापायी आमचं झाड चाललंय त्याचं काय?"

माळीमामा इतका वेळ झावळ्या निरखत होते. ते म्हणाले, "साहेब, ही वरची झावळी बघा. पुंगळ्या सगळ्या हिच्यावर, अन् ही हिरवीगार. खालच्या पिवळ्या पडल्यात, त्यांच्यावर एक पुंगळी नाही. मग अळीनं झाड पिवळं केलं कसं?"

अण्णा गप्प झाले.

मामांनी पायानं जमीन ठोकली. गाड्यांना चिखल लागू नये म्हणून अण्णांनीच दिवाळीत पेव्हर ब्लॉक बसवून घेतले होते. पार बुंध्यापर्यंत, फटीसुद्धा सिमेंटनं भरलेल्या. "जायकवाडी धरणाचं पाणी नळाला येतं, ते माणसांनाच पुरत नाही. झाडाच्या वाट्याला पावसाचं तेवढं. तेही आता फरशीवरून गटारात जातं. मुळांनी प्यायचं काय?"

फवारणीवाला पाठीवर पंप घेऊन हजर झाला. "कुठं मारू, साहेब?"

"पंप ठेव खाली," अण्णा म्हणाले, "आणि मामांना पहार दे."

बुंध्याभोवतीचे ब्लॉक निघाले, आळं झालं. पावसाळ्यानंतर पामला नवी हिरवी झावळी फुटली. तिच्यावरही दोन-चार पुंगळ्या होत्या. या खेपेला फोन कुणी लावला नाही.

तात्पर्य : नुकसानीच्या जागी जो सापडतो, तोच गुन्हेगार असतो असं नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याआधी आपण स्वतः काय करून ठेवलंय, ते तपासावं.